दुसऱ्याचा साचा

बन्सीलाल बोरसे आपल्या मुलीच्या परीक्षेत नापास झाले होते आणि ही बातमी त्यांना सांगायची कशी, यावर आठ दिवस गाडं अडलं होतं. सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, मुलीनेच सांगायचं होतं. ती रोज सकाळी 'आज संध्याकाळी सांगून टाकते' असं ठरवून विद्यापीठात जायची आणि संध्याकाळी 'उद्या सकाळी बघू' म्हणून जेवायला बसायची. इकडे बन्सीलालांनी तिच्या विद्यापीठातल्या कार्यक्रमासाठी नवा शर्ट शिवायला टाकला होता.

मुलीचं नाव गायत्री. वय चौतीस. लग्नाचा विषय घरात तीन वर्षांपूर्वी संपला होता. तो आईने संपवला की मुलीने, यावर दोघींचं अजून एकमत नाही. गायत्री सुरतेतल्या एका विद्यापीठात संगीत शिकवते आणि स्वतः नवं संगीत रचते. पण ते गाण्यांसारखं नसतं. त्यात संगणक असतो, यंत्रांचे आवाज असतात आणि माणसाचा मेंदू आवाज कसा पकडतो याचा अभ्यास असतो. डिंडोलीत त्यांच्या शेजारी राहणाऱ्या सरलाबाईंनी एकदा विचारलं होतं की तुझं एखादं संगीत हळदीला लावता येईल का. गायत्रीने प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून सरलाबाईंना तिची काळजी वाटते.

बन्सीलाल एकोणीस वर्षांचे असताना अमळनेरकडून सुरतेला आले आणि लिंबायतमधल्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात लागले. सुरतेत लूमला साचा म्हणतात आणि कारखान्याला खातं. छत्तीस वर्षं ते एकाच खात्यात साचे चालवत होते. तिथे शेजारच्या माणसाने कानात ओरडलं तरी शब्द पोचत नाही. सगळं बोलणं हातांनी आणि भुवयांनी चालतं. कानांची जी व्हायची ती वाट लागलीच. आता ते घरी बसले आहेत, तर टीव्ही असा लावतात की खालच्या मजल्यावरच्यांना बातम्या वेगळ्या ऐकाव्या लागत नाहीत. दाराची बेल त्यांना ऐकू येत नाही. फोन तर खिशात थरथरला तरच कळतो.

पण गायत्रीने लहानपणी दुसरंच काही पाहिलं होतं. शाळा सुटली की ती वडिलांचा डबा घेऊन खात्यात जायची. एकदा आबा दारातच पाठमोरे उभे राहून डबा उघडत होते. आत साच्यांचे शेकडो धोटे इकडून तिकडे आपटत होते, जमीन हलत होती. आणि मधेच आबांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला, मागे न बघताच वळले आणि नेमके ज्या साच्याचा धागा तुटून तो थांबला होता त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. तिला तर काहीच बदललेलं कळलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या मनाने घेतलं की आपल्या बापाचा कान गवयाचा आहे. पुढे दोन पदव्या आणि एक डॉक्टरेट होईपर्यंत ती हे ज्याला त्याला सांगत राहिली. लोक हसून मान डोलवत. बापावर प्रेम असणाऱ्या मुलीचं बोलणं म्हणून सोडून देत.

या वर्षी ते सिद्ध करायची संधी मिळाली. तिने एक रचना लिहिली आणि तिचं नाव ठेवलं 'बारा साचे'. लिंबायतच्या त्याच खात्यात बारा साच्यांना बारा माइक लावून तिने आवाज टिपून आणले. सभागृहात चारी बाजूंना बारा स्पीकर ठेवायचे आणि प्रत्येकातून एकच साचा वाजवायचा. वाजता वाजता मधेच एखादा साचा बंद पडणार. मध्यभागी उभ्या असलेल्या कारागिरांपैकी कोणाला ते कळलं की त्याने हातातलं बटण दाबायचं. मग तो साचा पुन्हा सुरू होणार आणि त्याच्या ठेक्यावर बासरीची नाहीतर सारंगीची एक नवी ओळ उमलणार. कोणाला कळलंच नाही, तर तो साचा गप्प राहणार आणि ती ओळही जन्माला येणार नाही. थोडक्यात, संगीत पुढे जाणार ते कारागिरांच्या कानांच्या जोरावर.

शिवाय त्यांच्या कपाळाला एकेक पट्टी बांधायची होती. मेंदूत विजेच्या ज्या बारीक लहरी उठतात त्या ही पट्टी टिपते आणि पडद्यावर रेघ काढते. काही अनपेक्षित कानावर पडलं की अर्ध्या सेकंदाच्या आत रेघ उसळते. म्हणजे माणसाने ऐकलं की नाही, ते त्याने न सांगता दिसतं.

कारागीर तिघे ठरले. बन्सीलाल, त्यांचे खात्यातले जुने सोबती भिकन आणि सोमा. भिकन नंदुरबारकडचा. सोमाचे वडील रेल्वेत कामाला म्हणून सुरतेला आले आणि सोमा साच्यांवर रमला. तिघांना प्रयोगशाळेत बोलावलं, खुर्च्यांवर बसवलं, पट्ट्या बांधल्या, हातात हिरवं बटण दिलं. गायत्रीची विद्यार्थिनी चैताली हिने त्यांना मराठीत आणि पुन्हा एकदा हिंदीत समजावलं की साचा बंद पडला की बटण दाबायचं. तिघांनी माना हलवल्या. बापाची परीक्षा आपण घेतली असं कोणी म्हणू नये म्हणून गायत्री मुद्दाम काचेपलीकडे बसली.

चाचणीपुरता, बटण दाबलं नाही तरी साचा थोड्या वेळाने आपोआप सुरू होत होता. तासाभरात साचे चाळीस वेळा बंद पडले. तिघांनी मिळून बटण दाबलं ते एकदा, आणि तेही सोमाला शिंक आली तेव्हा.

नंतर संगीत विभागाच्या सहा विद्यार्थ्यांना तिथेच बसवलं. त्यांनी चाळीसपैकी तिशीच्या पुढे मजल मारली. गायत्रीने कागद हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. चैताली मात्र पट्ट्यांच्या रेघा पाहत होती आणि तिला काही उमगत नव्हतं. विद्यार्थ्यांच्या रेघा कधी उसळल्या होत्या, कधी नाही. या तिघांच्या मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी उसळल्या होत्या. मेंदू म्हणत होता ऐकलं, आणि बोट जागचं हललं नव्हतं.

विभागप्रमुख देसाईसर सज्जन माणूस. आवाज चढवून बोलताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, चष्मा काढला आणि मायेनेच सांगितलं की गायत्रीबेन, बटण खोटं बोलत नाही, पट्टी बोलू शकते. पट्टी घाम आला तरी उसळते, डोळा फडफडला तरी उसळते. तीस-पस्तीस वर्षं खात्यात घालवलेल्या कानांकडून आपण फार अपेक्षा ठेवली. कार्यक्रम महिनाअखेरीला आहे, बाहेरून माणसं येणार आहेत. तेव्हा मध्यभागी विद्यार्थ्यांना उभं करा. कारागिरांना पहिल्या रांगेत बसवू, त्यांचा शाल घालून सत्कार करू. नावं सोमवारी द्या.

शालीचं ऐकून गायत्रीला सर्वांत जास्त वाईट वाटलं. जो माणूस संगीत वाजवणार होता त्याला शाल घालून गप्प बसवायचं. पण पट्टीवर विश्वास ठेवावा तर बटण आडवं येत होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनातही एक चोर शिरला होता. आपण एवढी वर्षं नुसतं बापाचं कौतुकच करत होतो की काय, असं तिला आतून वाटू लागलं होतं. ते तिला फार लागलं.

आणि इकडे बन्सीलाल. त्यांचा पाय जमिनीवर नव्हता. परीक्षेहून आले तेच मजेत. सोसायटीत, भाजीवाल्यापाशी, देवळाच्या पायरीवर, सगळीकडे सांगून झालं होतं की गायत्रीच्या कॉलेजात आमचं काम आहे. आधी चाचणी झाली आणि ती फार चांगली गेली. घरी बायकोला, सुंदराबाईंनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. गायत्रीला वाटायचं, बिचाऱ्यांना कळलंच नाही. ती मान खाली घालून भात कालवत बसायची.

शेवटी रविवार उजाडला. सोमवारी नावं द्यायची होती, आता पळायला जागा नव्हती. सुंदराबाईंनी शेवभाजी केली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. बन्सीलाल दोन भाकरी खाऊन तिसरीकडे वळले तेव्हा गायत्रीने डोळे मिटून सांगून टाकलं. आबा, कार्यक्रमात तुम्ही तिघं नसाल. विद्यार्थी उभे राहतील. तुम्ही पुढे बसा. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या वयाला हे अवघडच असतं.

हे सगळं तिला दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. म्हणजे वाईट बातमी द्यायची ती ओरडून.

बन्सीलालांनी भाकरी खाली ठेवली. रागावले नाहीत, पण खरोखर गोंधळले. काय चुकलं म्हणून त्यांनी विचारलं. गायत्रीने सांगितलं की साचा चाळीस वेळा बंद पडला आणि तुम्ही एकदाही बटण दाबलं नाही.

"मंग?" बन्सीलाल म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांचा तोच आनंद होता. "मी एकबी दाबं नही. तेच त म्हनस."

गायत्रीला वाटलं, नीट ऐकू गेलं नाही. ती पुन्हा सांगू लागली तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि एकेक साचा बोटांवर मोजून दाखवला. पहिल्यांदा खिडकीकडचा थांबला. मग उजवीकडचा दुसरा. मग त्याच्या मागचा, तो थांबताना जरा घासत थांबला. बराच वेळ ते सांगत होते. गायत्रीने मोबाइलमध्ये साचे थांबल्याची यादी उघडली. ती एकेक ओळ ताडून पाहू लागली, तर त्यांचं सगळं बरोबर येत होतं. चौदाव्यापर्यंत येऊन ते थांबले आणि म्हणाले की पुढचे आता आठवत नाहीत, आठ दिवस झाले.

मग दाबलं का नाही, असं तिने विचारलं, तर या प्रश्नाचंच त्यांना नवल वाटलं.

"मना साचा नही तो, बेटा. मी कसाले दाबू? आतमा कोना हात व्हई, ते काय सांगता येस?"

सुंदराबाईंनी शेवभाजीत पळी बुडवत नुसती मान हलवली, जणू एवढं तर लहान पोरालाही कळतं. गायत्रीला मात्र कळायला थोडा वेळ लागला. खात्यातल्या साच्याला हिरवं बटण असतं, दाबलं की मोटर सुरू होते. आणि खात्यात साचा थांबला की त्याचा कारागीर वाकून, आत हात घालून तुटलेला धागा जोडत असतो. म्हणून दुसऱ्याचा साचा थांबला तर त्याला हात लावायचा नाही, हा खात्यातला पहिला आणि शेवटचा नियम. समजावणारी पोरगी म्हणाली खरी की बंद पडला की दाबा. पण कोणी सांगितलं म्हणून माणूस दुसऱ्याचा साचा चालू करत नाही. समोरच्या बारांपैकी आपले कोणते, हे कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा बन्सीलाल धरून चालले की कॉलेजवाले आपली परीक्षा बघताहेत. बटण हातात दिलं, तरी म्हातारा शिस्त मोडतो का, ते बघताहेत. म्हणून चाळीस वेळा बोट शिवशिवलं तरी त्यांनी ते आवरलं. भिकन आणि सोमानेही तेच केलं. बाहेर आल्यावर चहा पिताना बाकीचे दोघं सोमाची शिंक तेवढी खराब गेली म्हणून त्याला बोललेही होते.

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. भिकनच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापाशी संपतात, हे गायत्रीने लहानपणापासून पाहिलं होतं. ती जन्मजात असावीत असं तिला वाटायचं. तसं नव्हतं. भिकन वाकून धागा लावत होता आणि पलीकडच्या एका माणसाला वाटलं, साचा उगाच थांबलाय, तेवढी मदत करू. तो माणूस वाईट नव्हता. नंतर त्याने साचेच सोडले आणि तो कामरेजकडे कोणाच्या तरी शेतावर राहायला गेला. भिकन दर दिवाळीला त्याला भेटायला जातो. एवढं सांगून बन्सीलालांनी तिसरी भाकरी हातात घेतली.

गायत्री उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. आठ दिवस ती ज्याला बहिरा कान समजत होती तो कान चाळीसच्या चाळीस ऐकत होता, आणि ज्याला चूक समजत होती ती या तिघांच्या आयुष्यातली सर्वांत पक्की गोष्ट होती. ऐकणं आणि हात उचलणं यांच्यामध्ये मेंदूत काय घडतं यावर तिने दीडशे पानं लिहिली होती. त्या दीडशे पानांत भिकनची दोन बोटं कुठेच नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी बापाचा असा अभिमान वाटला की खाली खेळणाऱ्या पोरांना हाक मारून सांगावंसं वाटलं.

सोमवारी तिने देसाईसरांना नावं दिली नाहीत, एक दिवस मागून घेतला. दुपारी तिघांना बोलावलं आणि या वेळी विचारलं की कोणाला कोणते साचे. इथे खरी गंमत झाली. वाटणीवरून अर्धा तास वाद चालला. दाराजवळचे साचे कोणालाच नको होते. खात्यात दाराजवळ शेठ उभा राहतो, तिथे कोण काम करेल. इथे शेठ नाही, असं चैतालीने सांगून पाहिलं, पण जुन्या सवयीपुढे तिचं काही चाललं नाही. अखेर सोमा धाकटा म्हणून त्याच्या गळ्यात ते पडले. प्रत्येकाला चार साचे मिळाले. खुर्च्या तिघांनीही नाकारल्या. बसून साचा चालवतात का, असं भिकनने विचारलं. चैतालीने जमिनीवर खडूने रेघा मारून तिघांच्या जागा आखल्या.

मग साचे सुरू झाले. पहिला थांबला, बन्सीलालांचं बोट पडलं. दुसरा थांबला, भिकनचं पडलं. चाळीसपैकी अडतीस. दोन गेले ते भिकनचे, कारण मधेच त्याने चैतालीला तिचं गाव कोणतं म्हणून विचारायला घेतलं होतं. देसाईसर दाराशी उभे राहून पाहत होते. ते पुढे आले, त्यांनी तिघांना हात जोडले आणि गायत्रीला म्हणाले की नावं हीच राहू द्या. पट्टीबद्दल मात्र त्यांचं मत बदललं नव्हतं. पट्टी भलत्या वेळी उसळली तर पाहुण्यांपुढे शोभा होईल, तेव्हा ती रेघ पडद्यावर दाखवू नका, असं त्यांनी सुचवलं. गायत्रीने दाखवायचंच ठरवलं. आबांनी ऐकलेलं लोकांना दिसलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

कार्यक्रम शनिवारी दुपारी चारला होता. सभागृह भरलं. पुढच्या रांगांत बडोद्याहून, मुंबईहून आलेले संगीताचे प्राध्यापक, मागे विद्यार्थी आणि त्यांच्याही मागे लिंबायत-डिंडोलीतली तीस-चाळीस माणसं. सरलाबाई सुंदराबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. हळदीला नाही तर नाही, निदान आहे तरी काय ते बघू म्हणून आल्या होत्या. मध्यभागी तिघं उभे होते, कपाळाला पट्ट्या. बन्सीलालांच्या अंगावर नवा शर्ट, खिशाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

गायत्री कोपऱ्यात आपल्या टेबलाशी बसली. संगणक आपलं काम आपण करणार होता. तिच्याकडे एकच गोष्ट होती. समोरच्या छोट्या कीबोर्डवर खर्जातला एक सूर तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवायचा होता. तानपुऱ्याचं काम तो सूर करणार होता. बारा साच्यांच्या खाली तो इतका खोल होता की ऐकू येण्यापेक्षा पायाच्या तळव्याला जाणवावा.

साचे सुरू झाले आणि खुर्च्या थरथरल्या. मागच्या माणसांच्या चेहऱ्यांवर एकदम ओळखीचं हसू आलं. आपलं खातं या गार हवेच्या खोलीत आलेलं पाहून कोणाकोणाला गंमत वाटली. पहिला साचा थांबला. पडद्यावर बन्सीलालांची रेघ उसळली, बोट पडलं, साचा पुन्हा धावला आणि त्याच्यावरून बासरी निघाली. पुढच्या रांगेतले प्राध्यापक सरसावून बसले. मग भिकनच्या बाजूने सारंगी आली. मग सोमाच्या बाजूने. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की हे तिघं मध्यभागी नुसते उभे नाहीत, वाजवताहेत. साचा थांबतो कधी, हे मध्यभागापासून दूर बसलेल्या बहुतेकांना कळत नव्हतं. या तिघांची रेघ उसळली की मग लोकांना कळायचं. बडोद्याच्या एका वयस्कर बाई डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न करत होत्या. त्या दर वेळी चुकत होत्या आणि चुकल्या की स्वतःशीच हसत होत्या.

गायत्री बापाकडे बघत राहिली. छत्तीस वर्षं आबा असेच उभे असतील, असेच वळले असतील, आणि ते बघायला कोणी नव्हतं. आज सगळे बघत होते. तिचे डोळे भरून आले. तिने चष्मा काढला आणि ओढणीने डोळे पुसले.

तेवढ्यात चैतालीने तिच्याकडे घाबरून पाहिलं. पडद्यावर बन्सीलालांची रेघ जोरात उसळली होती आणि एकही साचा थांबला नव्हता. बाराच्या बारा चालू होते. भिकनची रेघ शांत, सोमाची शांत. बन्सीलालांची मात्र पुन्हा उसळली. देसाईसरांनी पहिल्या रांगेतून गायत्रीकडे मान वळवली. त्यांच्या नजरेत राग नव्हता, मी म्हटलं होतं ना एवढंच होतं. प्राध्यापकही पडद्याकडे बोट दाखवून एकमेकांत काही बोलू लागले.

बन्सीलालांनी हातातल्या बटणाकडे पाहिलं, पण दाबलं नाही. आपल्या चारी साच्यांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि भिकनला भुवईने खूण केली, माझ्या साच्यांकडे लक्ष ठेव. मग ते खडूची रेघ ओलांडून चालू लागले. भर कार्यक्रमात, कपाळावरच्या पट्टीसकट, सगळ्या सभागृहाच्या देखत ते सरळ गायत्रीच्या टेबलापाशी आले. सुंदराबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. कीबोर्डपासून हातभर अंतरावर बन्सीलाल थांबले. हात त्यांनी पाठीमागे घेतले होते.

ते वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "गायत्री, तुना साचा बंद पडना."

तिने खाली पाहिलं. डोळे पुसायला तिने हात उचलला होता आणि तो परत ठेवलाच नव्हता. खर्जाचा सूर केव्हाचा थांबला होता. तिला कळलं नव्हतं, देसाईसरांना कळलं नव्हतं, गावोगावच्या प्राध्यापकांना कळलं नव्हतं. तिने बोट ठेवलं. सूर परत जमिनीत भरला आणि पुढच्या रांगेतली माणसं, आपल्याला मघापासून काय चुकल्यासारखं वाटत होतं ते कळल्यासारखी, एकदम मागे टेकली. देसाईसर पडद्याकडे, मग बन्सीलालांकडे, मग पुन्हा पडद्याकडे बघत राहिले.

बन्सीलाल मात्र तिथे थांबले नाहीत. सूर नीट लागला एवढी खात्री त्यांनी केली आणि वळले, कारण त्यांचा तिसरा साचा मधल्या वेळात थांबला होता. भिकन त्याच्याकडे बघत आपल्या जागेवर हात बांधून उभा होता.